‘ती डॉक्टर झाली’ यात कर्म कुठं आहे?

पत्र

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. मुलगी सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. तिचा इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास मीच घेते. क्रियापदाला ‘कोण’ असं विचारलं की कर्ता मिळतो आणि ‘काय’ असं विचारलं की कर्म, हे मला शाळेपासून पक्कं पाठ आहे. तेच मी तिला शिकवलं. परवा वहीत ‘शी बिकेम अ डॉक्टर’ या वाक्यात तिने ‘डॉक्टर’खाली ऑब्जेक्ट लिहिलं. बाईंनी खोडून कॉम्प्लिमेंट लिहून दिलं. खालच्याच वाक्यात, ‘शी केम लास्ट मंडे’मध्ये, ‘मंडे’लाही तिने ऑब्जेक्ट म्हटलं होतं. तिथेही लाल रेघ. मुलगी म्हणाली, ‘आई, तू राहू दे, मी क्लासच्या ताईंना विचारीन.’ ती सहज म्हणाली, पण मला लागलं. वाक्यातली नामं मला ओळखता येतात, ती तिथे काय करताहेत हे मात्र कळत नाही. मराठीत माझं असं कधीच अडलं नाही. माझ्या मराठीमुळेच तर माझं इंग्रजी अडत नसेल?

— एक आई

उत्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. तुमचं अडतंय ते ‘काय’ विचारण्याच्या त्या अर्ध्या नियमामुळे. शाळेत तो सगळ्यांनाच तेवढाच शिकवतात, आणि ‘मुलगी चेंडू फेकते’ अशा वाक्यांपुरता तो चालूनही जातो. उरलेला अर्धा नियम तुमच्या कानाला येतो. तो कुणी तुमच्याकडून वदवून घेतला नाही, इतकंच.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. ‘ती डॉक्टर झाली.’ ‘तिने डॉक्टरला बोलावलं.’ दुसऱ्यात ‘डॉक्टर’ला ‘ला’ लागला. आता पहिल्यात तो लावून बघा: ‘ती डॉक्टरला झाली.’ जीभच अडखळते. तुम्हाला कुणी नियम सांगितला नव्हता, तरी हे चूक आहे हे क्षणात कळलं. इंग्रजीत पहिलं वाक्य ‘शी बिकेम अ डॉक्टर’ आणि दुसरं ‘शी कॉल्ड अ डॉक्टर’. दोन्हींत ‘अ डॉक्टर’ अगदी तसंच दिसतं, त्याच जागी बसलेलं. पण एकीकडे ती आणि डॉक्टर ही एकच व्यक्ती आहे, दुसरीकडे दोन वेगळ्या. तीच व्यक्ती असेल तर ते नाम कॉम्प्लिमेंट, वेगळी असेल तर ऑब्जेक्ट. मराठी व्याकरणात यालाच विधानपूरक म्हणतात. ‘तो राजा झाला’ यातला ‘राजा’ तुम्ही शाळेत नक्की ओळखला असेल. ‘झाली’ एवढ्यावर वाक्य लटकतं, ते पुरं करणारा शब्द म्हणजे पूरक. ‘बी’ची सगळी रूपं, ‘बिकम’, ‘रिमेन’ अशा क्रियापदांनंतर असं नाम येतं. कौतुकाचा ‘कॉम्प्लिमेंट’ वेगळा. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये मधल्या ‘ई’च्या जागी ‘आय’. मुलीला हे सांगून ठेवा, कारण परीक्षेत लिहिताना ती चूक हमखास होते.

‘ला’ची ही कसोटी माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी चालते. निर्जीव वस्तूंपाशी मात्र ती गप्प बसते, कारण मराठीत आपण ‘तिने पत्र लिहिलं’ म्हणतो, ‘पत्राला लिहिलं’ म्हणत नाही. तिथे थेट विचारा: ती म्हणजेच पत्र का? नाही. म्हणून ऑब्जेक्ट. ‘द लेटर बिकेम अ प्रॉब्लेम’ यात पत्र म्हणजेच अडचण का? हो. म्हणून कॉम्प्लिमेंट. आणि हा प्रश्न फसतो अशीही एक जागा आहे: ‘शी सॉ हरसेल्फ’. तिने पाहिलं आणि तिलाच पाहिलं, व्यक्ती एकच, तरीही ‘हरसेल्फ’ ऑब्जेक्ट आहे. इथे पुन्हा मराठीकडे या: ‘तिने स्वतःला पाहिलं.’ ‘ला’ आलाच. दोन कसोट्या एकमेकींना सावरून घेतात.

आता ‘मराठीत कधीच अडलं नाही’ याबद्दल. ते खरं आहे आणि त्याचं कारण समजलं की निम्मं काम होतं. मराठीत नाम आपलं काम अंगावर घेऊन फिरतं. ‘मुलाने कुत्र्याला पाहिलं’, ‘कुत्र्याला मुलाने पाहिलं’, ‘पाहिलं मुलाने कुत्र्याला’. शब्द कसेही फिरवा, पाहणारा मुलगाच राहतो, कारण ‘ने’ त्याच्याजवळ आहे आणि ‘ला’ कुत्र्याजवळ. इंग्रजीत ‘द बॉय सॉ द डॉग’ आणि ‘द डॉग सॉ द बॉय’ यांत नामांचं रूप कणभरही बदललेलं नाही. बदलली ती फक्त जागा, आणि जागेबरोबर सगळा अर्थ उलटला. इंग्रजी नामाकडे कितीही निरखून पाहिलं तरी ते काय करतंय हे त्याच्या तोंडावर दिसणार नाही. ते कोणत्या जागेवर बसलंय आणि ती जागा कोणत्या क्रियापदाची आहे, हे पाहावं लागतं. तुम्ही नाम ओळखून थांबता आणि त्यालाच विचारत राहता. विचारायचं ते क्रियापदाला.

इंग्रजी पूर्वी अशी नव्हती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय होते. दगड हा शब्द घ्या. कर्ता असेल तर ‘से स्तान’, कर्म असेल तर ‘थोने स्तान’, दगडाचा म्हणायचं तर ‘स्तानेस’, दगडाला म्हणायचं तर ‘स्ताने’, आणि अनेक दगडांना म्हणायचं तर ‘स्तानुम’. शब्दाच्या शेवटी आघात नसल्यामुळे हे प्रत्यय बोलताना हळूहळू झिजले. उत्तरेकडून आलेल्या, जवळच्या पण वेगळे प्रत्यय वापरणाऱ्या नॉर्स भाषकांच्या सहवासाने ते आणखी सैल झाले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा ही झीज आधीच सुरू झालेली होती. पंधराव्या शतकापर्यंत नामांवर जवळजवळ दोनच खुणा उरल्या, अनेकवचनाचा ‘एस’ आणि मालकीचा ‘एस’. ‘द टीचर्स बुक’मधला ‘एस’ म्हणजे त्या जुन्या ‘स्तानेस’मधल्या ‘एस’चाच वारस. प्रत्यय गेले तसा त्यांचा भार शब्दांच्या क्रमाने आणि ‘टू’, ‘ऑफ’, ‘विथ’, ‘बाय’ या शब्दांनी उचलला.

सर्वनामांवर मात्र विभक्ती टिकली: ‘ही’ आणि ‘हिम’, ‘शी’ आणि ‘हर’, ‘दे’ आणि ‘देम’. हे फार उपयोगाचं आहे. एखादं नाम काय करतंय हे कळेना, तर ते काढून त्या जागी सर्वनाम ठेवून बघा. ‘द बॉय सॉ द डॉग’मध्ये ‘बॉय’च्या जागी ‘ही’ बसतो, ‘हिम’ बसत नाही. म्हणजे ती कर्त्याची जागा. ‘डॉग’च्या जागी ‘हिम’ बसतो. म्हणजे कर्माची. एक अडचण मात्र आहे. ‘इट वॉज ही’ म्हणायचं की ‘इट वॉज हिम’, यावर इंग्रजीचे जाणकारही भांडतात. जुने व्याकरणकार ‘ही’चा आग्रह धरतात, बोलणारे सर्रास ‘हिम’ म्हणतात. त्यामुळे ‘बी’नंतर ही युक्ती वापरू नका.

हीच युक्ती ‘मंडे’ला लावू. ‘शी केम लास्ट मंडे’. ‘लास्ट मंडे’ काढून ‘शी केम इट’ म्हणा. वाक्य कोसळतं, कारण ‘कम’ या क्रियापदाला कर्माची जागाच नाही. ‘ती काय आली?’ असं मराठीत विचारून बघा, तिथेही तो प्रश्न बसत नाही. ‘ती केव्हा आली?’ हा बसतो. शिवाय ‘लास्ट मंडे’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवला तरी चालतो आणि गाळला तरी ‘शी केम’ उरतंच. वेळ, अंतर, वजन, किंमत सांगणारी नामं अशी क्रियाविशेषणाचं काम करतात: ‘वी वॉक्ड टू माइल्स’, ‘ही स्लेप्ट ऑल नाइट’. मराठीत आपण ‘रात्रभर’ म्हणताना ‘भर’ जोडतो, ‘सोमवारी’ म्हणताना शेवटी ‘ई’ जोडतो. इंग्रजीत ते नाम काही न लेवता येतं आणि क्रियापदानंतर बसतं, म्हणून सहावीतल्या मुलीला ते कर्म वाटतं. तिची चूक समजण्यासारखी आहे. माझ्या मते बाईंनी नुसती रेघ न मारता एक प्रश्न विचारायला हवा होता.

क्रियापद किती जागा मांडतं, हे पाहण्याची सवय मुलीला लावा. ‘स्लीप’ एकच जागा मांडतं, झोपणाऱ्याची. ‘सी’ दोन मांडतं. ‘गिव्ह’ तीन मांडतं: देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू. ‘शी गेव्ह द चाइल्ड अ बुक’मध्ये क्रियापदानंतर दोन नामं लागोपाठ आली आहेत, मधे काहीच नाही. अशा वेळी पहिलं घेणाऱ्याचं, म्हणजे अप्रत्यक्ष कर्म, आणि दुसरं वस्तूचं, म्हणजे प्रत्यक्ष कर्म. क्रम उलटा करायचा तर मधे ‘टू’ घालावाच लागतो: ‘शी गेव्ह अ बुक टू द चाइल्ड’. या दुसऱ्या वाक्यातल्या ‘चाइल्ड’ला काही पुस्तकं अप्रत्यक्ष कर्मच म्हणतात, काही ‘टू’चं कर्म म्हणतात. शाळेच्या पुस्तकात जे असेल ते वहीत लिहू द्या. दोन्ही नावांमागची गोष्ट एकच आहे.

आता ‘ला’बद्दल थोडं थांबून लिहिते, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका या एका प्रत्ययातून उगवतात. वर मी त्याची कसोटी दिली. पण ‘ला’ फक्त कर्माला लागतो असं समजू नका, तो फार कामसू आहे. ‘मुलाला पाहिलं’ यात तो कर्माला लागला. ‘मुलाला पुस्तक दिलं’ यात घेणाऱ्याला. ‘गावाला गेलो’ यात ठिकाणाला. ‘दहा तारखेला ये’ यात वेळेला. ‘मला दोन भाऊ आहेत’ यात ज्याचं काही आहे त्याला. ‘मला जायचंय’ यात ज्याच्यावर काम येऊन पडलंय त्याला. आणि ‘मला हे आवडतं’ यात ज्याला काही जाणवतं त्याला. इंग्रजीत ही सात कामं वेगवेगळ्या जागांवर जातात. पाहिलेला मुलगा क्रियापदानंतर येतो, ‘टू’ न घेता. गावापुढे ‘टू’ येतो. तारखेपुढे ‘ऑन’. आणि शेवटच्या तिन्हींमधला ‘मला’ तर उठून थेट कर्त्याच्या खुर्चीत बसतो: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव टू गो’, ‘आय लाइक इट’.

हे शेवटचं शिकवताना मुलीला एक गंमत सांगा. जुन्या इंग्रजीतही ‘मला आवडतं’ असंच म्हणत. ‘लाइक’ या क्रियापदाचा अर्थ तेव्हा ‘रुचणे’ असा होता. रुचणारी वस्तू कर्ता असायची आणि ज्याला रुचते तो ‘ला’च्या विभक्तीत. ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द तुम्ही कदाचित वाचला असेल. तो शब्दशः ‘मला वाटतं’ असाच आहे, त्यातला ‘मी’ म्हणजे इंग्रजीतला ‘मला’. प्रत्यय झिजले, वाक्यात पहिला येणारा तो कर्ता अशी सवय जडली, आणि ‘मला’ची जागा ‘आय’ने घेतली. तुमची मराठी जिथे आजही उभी आहे, तिथून इंग्रजी चालत पुढे गेली आहे. तुमच्या मराठीला दोष देण्यासारखं यात काहीच नाही.

‘ला’मुळे होणारी चूक मोठ्या माणसांच्या बोलण्यात रोज ऐकू येते: ‘एक्स्प्लेन मी द लेसन’, ‘सजेस्ट मी अ बुक’. मराठीत ‘मला धडा समजावून सांग’ हे ‘मला पुस्तक दे’सारखंच वाटतं, म्हणून ‘गिव्ह मी अ बुक’च्या साच्यात ‘एक्स्प्लेन’ही ओतलं जातं. पण ‘एक्स्प्लेन’ आणि ‘सजेस्ट’ घेणाऱ्यासाठी मोकळी खुर्ची ठेवत नाहीत. तो दारातून, म्हणजे ‘टू’ घेऊनच येतो: ‘एक्स्प्लेन द लेसन टू मी’. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘टेल’, ‘शो’ ही रोजची छोटी क्रियापदं खुर्ची देतात. लॅटिनमधून आलेली लांब क्रियापदं, जसं ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डोनेट’, बहुधा देत नाहीत. ‘प्रॉमिस’सारखी काही देतात, म्हणून हा कल समजा, कायदा नव्हे. ऑब्जेक्ट, इनडायरेक्ट ऑब्जेक्ट ही नावं शिकण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. नाव पाठ करून कुणाचं इंग्रजी सुधारत नाही, पण कोणतं क्रियापद किती जागा देतं हे कळलं तर अशी वाक्यं तोंडातून येण्याआधी थांबतात.

दुसरा खोडकर प्रत्यय ‘ने’. ‘मुलीने दगड फेकला’, ‘मुलीने काठी फेकली’. फेकणारी मुलगीच आहे, पण क्रियापद बदललं दगड आणि काठीप्रमाणे. हा आपला कर्मणी प्रयोग. मराठी मुलाला त्यामुळे क्रियापद कर्माकडे बघून बदलण्याची नैसर्गिक सवय असते. इंग्रजी क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं. ‘द गर्ल थ्रोज स्टोन्स’मध्ये दगड कितीही असोत, मुलगी एक आहे म्हणून ‘थ्रोज’.

शिवाय आपला ‘ने’ करणाऱ्यालाही लागतो आणि साधनालाही. ‘मुलाने दगडाने काच फोडली.’ एकाच वाक्यात दोन ‘ने’, आणि तुम्ही एक क्षणही गोंधळला नाहीत. इंग्रजीत हीच घटना तीन प्रकारे सांगता येते: ‘द बॉय ब्रोक द ग्लास विथ अ स्टोन’, ‘द स्टोन ब्रोक द ग्लास’, ‘द ग्लास ब्रोक’. मुलगा, दगड आणि काच, तिघेही पाळीपाळीने कर्त्याच्या खुर्चीत बसले. पण फोडण्याचा हेतू फक्त मुलाचा होता. काचेने तर काहीच केलं नाही, ती बिचारी फुटली. म्हणून ‘जो करतो तो कर्ता’ ही व्याख्या इंग्रजी वाक्य सोडवताना दगा देते. घटनेत कुणी काय केलं ही एक गोष्ट आणि वाक्यात कुणाला कोणती जागा मिळाली ही दुसरी. चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६८ साली एका गाजलेल्या लेखात इंग्रजीसाठी हा भेद मांडला. पाणिनीने त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी संस्कृतसाठी कारक वेगळे आणि विभक्ती वेगळी ठेवली होती: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही सहा कारकं, आणि ती दाखवायला विभक्तीचे प्रत्यय. विभक्ती आणि कारकार्थ ही जोडी तुम्ही मराठी माध्यमात शिकलात, ती याच विचारातून आली आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. इंग्रजी माध्यमातल्या कितीतरी मुलांना हा भेद कुणी सांगतच नाही.

कर्तरी वाक्याचं कर्मणी करताना हाच भेद पुन्हा भेटतो. ‘मुलाला पुस्तक दिलं गेलं’ असं आपण म्हणतो, मुलगा ‘ला’ सोडत नाही. इंग्रजीत तोच मुलगा पुढे येऊन कर्ता होतो: ‘द चाइल्ड वॉज गिव्हन अ बुक’. सर्वनाम ठेवलं तर ‘ही वॉज गिव्हन’, ‘हिम’ नव्हे. घेणारा अजूनही घेणाराच आहे, फक्त त्याची खुर्ची बदलली.

प्रिपोझिशनबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की लक्षात ठेवा. ‘ऑफ’, ‘इन’, ‘विथ’, ‘टू’ यांच्या ताब्यात गेलेलं नाम त्यांचं झालं. ते क्रियापदाचा कर्ता होऊ शकत नाही. ‘द कलर ऑफ द वॉल्स हॅज फेडेड’. ‘वॉल्स’ क्रियापदाला चिकटून बसल्यात, त्या अनेक आहेत, तरीही ‘हॅज’, कारण त्या ‘ऑफ’च्या ताब्यात आहेत आणि कर्ता आहे ‘कलर’. ‘भिंतींचा रंग उडाला’ म्हणताना तुम्ही ‘उडाल्या’ म्हणत नाही, कारण ‘चा’ भिंतींना धरून ठेवतो. इंग्रजीत ‘ऑफ’ तेच करतो, फक्त पुढे उभं राहून. परीक्षेत ‘इज’ की ‘आर’ विचारणारे कितीतरी प्रश्न याच फसवणुकीवर बेतलेले असतात. मुलीला सांगा, प्रिपोझिशन आणि त्याचं नाम यांवर पेन्सिलीने फिकी रेघ मारायची आणि मग कर्ता शोधायचा.

आता तुम्हाला पुढे भेटणारं एक अवघड वळण. ‘दे मेड हिम अ लीडर’ आणि ‘दे मेड हिम अ चेअर’. शब्दाला शब्द जुळतो. पहिल्यात तो आणि नेता एकच, म्हणजे ‘लीडर’ हे कर्माबद्दल सांगणारं पूरक, ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट. दुसऱ्यात तो आणि खुर्ची वेगळे, म्हणजे ‘चेअर’ प्रत्यक्ष कर्म आणि ‘हिम’ अप्रत्यक्ष. मराठीत दोन्ही वाक्यं सांगताना तुम्ही आपोआप वेगळी सांगता: ‘त्याला नेता केलं’, ‘त्याच्यासाठी खुर्ची बनवली’. वेगळं सांगावंसं वाटलं, हाच पुरावा.

बाकीच्या भूमिका सोप्या आहेत. एका नामाच्या शेजारी स्वल्पविराम देऊन त्याचीच ओळख करून देणारं दुसरं नाम येतं, ते समानाधिकरण: ‘माय सिस्टर, अ पोएट, लिव्ह्ज हिअर’. हाक मारण्यासाठी आलेलं नाम वाक्याच्या बांधणीबाहेर असतं. आपण ‘मुलांनो’ म्हणून प्रत्यय लावतो, इंग्रजी स्वल्पविरामावर भागवते, म्हणून तो विसरू नये. आणि एका नामाला दुसरं नाम विशेषणासारखं चिकटतं: ‘बोट हाउस’ म्हणजे होड्या ठेवायचं घर, ‘हाउस बोट’ म्हणजे राहण्याची होडी. शेवटचं नाम खरं, आधीचं त्याचा प्रकार सांगणारं. ‘राजवाडा’ हा वाडाच असतो, तसं.

एक वाक्य तुमच्यासाठी बनवलं आहे, मुलीबरोबर बसून सोडवा: ‘लास्ट मंडे द टीचर्स सिस्टर, अ पोएट, गेव्ह द चिल्ड्रन अ स्टोरी अबाउट अ रिव्हर.’ सात नामं, सातांची कामं वेगळी. आधी क्रियापद धरा: ‘गेव्ह’, तीन जागा मांडणारं. ‘अबाउट अ रिव्हर’वर फिकी रेघ, ‘रिव्हर’ ‘अबाउट’च्या ताब्यात. देणारी कोण? ‘सिस्टर’, ती कर्ता. ‘टीचर्स’ फक्त बहीण कुणाची ते सांगतो. ‘पोएट’ तिचीच ओळख. ‘चिल्ड्रन’ घेणारे, ‘स्टोरी’ दिलेली वस्तू. उरला ‘मंडे’, तो केव्हा ते सांगतो आणि गाळला तरी चालतो. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. लागू देत.

मुलीच्या त्या वाक्याबद्दलही लिहायला हवं, कारण पत्र तुम्ही त्याच्यासाठी लिहिलंत असं मला वाटलं. तिला सरळ सांगा की मी शिकवलेला नियम अपुरा होता आणि उरलेला आता मला सापडला आहे. क्लासच्या ताईंना विचारायलाही आडकाठी करू नका. ताई तिला कॉम्प्लिमेंटची व्याख्या सांगतील. ‘डॉक्टरला झाली’ म्हटल्यावर जीभ का अडखळते, हे तुम्ही सांगा. घरात ती मराठी बोलते, तर तो कान तिलाही आहे. तो वापरायला तिला तुम्हीच शिकवू शकता. आणि नावं घोकून घेऊ नका. रोज एक वाक्य घ्या, क्रियापद धरा, जागा मोजा, पुरे.

वहीतल्या ‘मंडे’खाली काय लिहायचं ते तिच्या पुस्तकावर अवलंबून आहे. कुठे ॲडव्हर्बियल म्हणतात, कुठे ॲडव्हर्ब ऑफ टाइम. पुस्तकात शोधून तेच नाव लिहा. ते झालं की ही दोन वाक्यं तिच्यापुढे ठेवा आणि उत्तर तिला शोधू द्या, तुम्ही काही बोलू नका: ‘शी मेड हर मदर अ कार्ड.’ ‘शी मेड हर मदर अ टीचर.’